विहिरीवरचा दिवा आणि पाण्यातले शेवाळ



पुणे-नाशिक रस्त्याने रात्रीच्या वेळी नारायणगाव मागे टाकून आळेफाट्याकडे निघालात, की वाटेत पिंपळवंडीचे शिवार लागते. एके काळी या शिवारात अंधार पडला की वस्त्यांवरचे चार-दोन मिणमिणते दिवे तेवढे दिसत. आज तसे नाही. घरापुढे दिवा, गोठ्यावर दिवा, मोटरीच्या खोलीवर दिवा, आणि शेततळ्याच्या कोपऱ्यावर उंच खांबाला पांढराफेक एलईडीचा फोकस. काही दिवे संध्याकाळी लागतात ते उजाडेपर्यंत जळतच असतात.

हे दिवे कोणी हौसेने लावलेले नाहीत. जुन्नर-आंबेगावात उसाच्या फडात बिबट्या राहतो, तिथेच पिल्ले घालतो, हे आता लहान मुलांनाही ठाऊक आहे. ज्या घरातल्या बाईला पहाटे धारा काढायला गोठ्यात जावे लागते आणि ज्या गड्याला रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला फडात उतरावे लागते, त्यांना ‘दिवे लावू नका’ असे सांगणे शहाणपणाचे नव्हे. या लेखाचा तसा हेतूही नाही.

पण एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. तो उजेड अंगणात पडतो, तसा पाण्यावरही पडतो. विहिरीत पडतो, शेततळ्यात पडतो, जनावरांच्या हाळावर पडतो. त्या पाण्यात एक मोठे गोकुळ नांदत असते आणि त्या गोकुळाचा निम्मा संसार अंधारात चालतो. तो अंधार नाहीसा झाला तर काय होते? ठिबकचा फिल्टर धुऊन धुऊन कंटाळलेल्या माणसाने तरी हा प्रश्न एकदा स्वतःला विचारून पाहावा.

पिकाला उजेडाचे घड्याळ असते

आधी आपल्या ओळखीच्या पिकापासून सुरुवात करू. रस्त्याच्या दिव्याखाली येणारा सोयाबीनचा तुकडा तुम्ही नीट पाहिलात का? बाकीचे रान पिवळे पडून काढणीला येते, तरी दिव्याखालचे वर्तुळ हिरवेगार राहते आणि त्याला शेंगाही कमी लागतात. जमीन तीच, खत तेच. फरक एवढाच, की दिव्यामुळे त्या झाडांना रात्र लांबल्याचे कळतच नाही. सोयाबीन फुलावर येते ते रात्र मोठी होऊ लागली म्हणजे. शेवंतीचेही तसेच. म्हणून तर हरितगृहातले बागायतदार शेवंतीची वाढ हवी असेल तोवर रात्री दिवे लावून तिला फुलू देत नाहीत.

म्हणजे वनस्पतीला उजेड दोन कामांसाठी लागतो. एक, अन्न तयार करण्यासाठी. दुसरे, वेळ ओळखण्यासाठी. अन्नासाठी उन्हासारखा भरपूर उजेड लागतो. वेळ ओळखायला मात्र थोडा उजेडही पुरतो. हा भेद लक्षात ठेवा, पुढे त्याचाच उपयोग आहे.

शेवाळ ही एकच वस्तू नव्हे

आपण सरसकट ‘शेवाळ’ म्हणतो, पण त्यात अनेक जातिकुळी आहेत. पाण्यावर केसांसारखे तंतू पसरून गोधडी होते, ते हिरवे तंतुमय शेवाळ. पायरीवर तपकिरी, बुळबुळीत थर बसतो आणि पाय घसरतो, तो बहुधा करंडक वनस्पतींचा, म्हणजे डायाटमचा. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखी साय येते, ती नील-हरित शैवालांची. ही नील-हरित मंडळी खरे पाहता जिवाणूंच्या कुळातली, पण हिरव्या पानासारखे उन्हावर अन्न करतात.

सगळे शेवाळ वाईटही नाही. पाण्यातल्या माशांचे, किड्यांचे पहिले अन्न तेच. भातखाचरातली काही नील-हरित शैवाले हवेतला नत्र धरून जमिनीला देतात, हे पी. के. डे या आपल्या शास्त्रज्ञाने १९३९ मध्ये दाखवून दिले. आपल्या तालुक्यांच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी भात लावणाऱ्यांना त्याचे मोल कळेल.

या जाती वर्षभर सारख्याही नसतात. ई. ए. गोन्साल्विस आणि डी. बी. जोशी यांनी मुंबईत वांद्र्याच्या एका तळ्यातल्या शेवाळांचा ऋतुमानाप्रमाणे अभ्यास केला. १९४६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पावसाळ्यात एक मेळा, हिवाळ्यात दुसरा, उन्हाळ्यात तिसरा, अशी ही ये-जा चालू असते. गावच्या आठवडे बाजारात दर मोसमाला वेगळा माल यावा तशी. ऊन, पाण्याची ऊब, पाण्यातले खत आणि दिवस-रात्रीची लांबी यांवर हा मेळ ठरतो. दिव्याने बदलते ते यातले शेवटचे.

दिव्याचा उजेड किती?

उजेड मोजण्याचे माप आहे लक्स. भर दुपारचे ऊन सुमारे १,००,००० लक्स. रस्त्याच्या खांबाखाली जमिनीवर साधारण १० ते २० लक्स. पौर्णिमेचे टिपूर चांदणे मात्र फार तर पाव लक्स. आणि अवसेच्या रात्री नुसत्या चांदण्यांचा उजेड एका लक्सचा हजारावा भाग.

यातून दोन गोष्टी निघतात. खांबावरचा दिवा उन्हाच्या मानाने इतका क्षीण आहे, की त्यावर अन्न तयार करून शेवाळ फोफावेल असे सहसा होत नाही. पण तोच दिवा पौर्णिमेपेक्षा चाळीस पटीने तरी जास्त उजळ आहे. पाण्यातल्या जिवांनी लाखो वर्षांत पौर्णिमेपेक्षा उजळ रात्र कधी पाहिली नव्हती. त्यांच्या घड्याळाचा घोटाळा होतो तो इथे.

दिवा अगदी जवळ असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ओलसर भिंतीवर रात्रंदिवस जळणाऱ्या दिव्याभोवती हिरवट वलय धरते. फ्रान्समध्ये लास्को नावाची गुहा आहे. तिच्यात हजारो वर्षांपूर्वी माणसाने काढलेली जनावरांची चित्रे १९४० मध्ये सापडली. १९४८ मध्ये गुहा लोकांना खुली केली, आत दिवे लावले, रोज शेकडो माणसे येऊ लागली. माणसांच्या श्वासाने दमटपणा वाढला, दिव्यांचा उजेड मिळाला आणि काळोखात इतकी वर्षे जपलेल्या भिंतींवर हिरवे शेवाळ चढू लागले. शेवटी १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली. लेण्याद्रीच्या आणि तुळजा लेण्यांच्या मुलखातल्या माणसांना ही हळहळ वेगळी सांगायला नको.

आपल्या ठिबकची नळी काळी का असते, याचे एक उत्तरही यातच आहे. काळ्या नळीतून उजेड आत शिरत नाही आणि उजेडावाचून नळीत शेवाळ धरत नाही. पांढरी, आरपार दिसणारी नळी चार दिवस उन्हात ठेवून पाहा, म्हणजे पटेल.

रात्री चरणारी पाणपिसू

आता पाण्यातल्या गुरांकडे वळू. शेवाळाचे बारीक कण खाऊन जगणारा एक लहानसा जीव आहे, पाणपिसू. इंग्रजीत त्याला डॅफ्निया म्हणतात. आपल्या तळ्यांत त्याचीच भावंडे असतात. टाचणीच्या डोक्याएवढा हा जीव पाणी गाळून त्यातले शेवाळ खातो. तळ्याचे पाणी निवळ राखणारा फुकटचा फिल्टरच म्हणा.

पण पाणपिसूला माशांचे भय. दिवसा उजेडात ती वर आली तर मासा गट्ट करतो. म्हणून दिवसा ती खोल अंधाऱ्या पाण्यात लपते आणि रात्री वर येऊन चरते. दिवसभर उसात दडून रात्री बाहेर पडणाऱ्या जनावरासारखाच तिचा दिनक्रम.

अमेरिकेत बोस्टन शहराजवळ वेबन नावाचे तळे आहे. तिथे मारियान मूर या प्राध्यापिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणपिसूंना तळ्याच्या पाण्यातच दोन तऱ्हेच्या कोठ्यांत ठेवले. एका तऱ्हेत शहराचा रात्रीचा उजेड येत होता, दुसरीत तो अडवला होता. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दिसले, की उजेड येणाऱ्या कोठ्यांत पाणपिसू २ मीटर खालीच थबकल्या आणि वर येणाऱ्यांची संख्याही १० ते २० टक्क्यांनी घटली. वरच्या थरात गुरेच चरायला आली नाहीत, तर गवत माजणारच, असा त्यांचा तर्क.

आपले शेततळे काही तेवढे खोल नसते. पण त्यात मासे सोडलेले असतील आणि वर रात्रभर फोकस असेल, तर माशांना रात्रीही दिसते आणि लपायला जागा नसलेल्या पाणपिसूचे मरण ओढवते. शिवाय दिव्यावर झेपावणारे किडे रात्रभर पाण्यात पडत राहतात. त्यांच्या कुजण्याने पाण्यात थोडीफार खताची भर पडते, ती वेगळीच.

दोन देशांचे दोन अनुभव

प्रत्यक्ष शेवाळावर दिव्याचा काय परिणाम होतो, हे युरोपात काही वर्षे तपासले जात आहे. जर्मनीत बर्लिनच्या पश्चिमेला वेस्टहावेललँड नावाचा फार काळोखी रात्र असलेला शेतीचा टापू आहे. तिथे शेतातले जादा पाणी वाहून नेणाऱ्या चरांच्या कडेला मुद्दाम रस्त्यावरच्यासारखे दिवे उभे केले. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही महिने रात्रीचा उजेड मिळालेल्या चरांच्या गाळात करंडक वनस्पती आणि नील-हरित शैवाले वाढलेली आढळली. गाळाचा रात्रीचा श्वासोच्छ्वास मात्र मंदावला होता.

इटलीत आल्प्सच्या पायथ्याशी वाहत्या ओढ्याच्या पाण्यावर झालेल्या प्रयोगात उलटे दिसले. २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथे सुमारे २० लक्सचा एलईडी उजेड रात्रभर दिला. नव्याने धरू लागलेला शेवाळाचा थर तीन आठवड्यांत अंधारातल्या थरापेक्षा कमी भरला. जुना, घट्ट बसलेला थर तसा घटला नाही. पण शेवाळांच्या निरनिराळ्या कुळांचे आपसातले प्रमाण बदलले.

एकीकडे वाढ, एकीकडे घट. मग खरे काय? दोन्ही खरे. साचलेले पाणी वेगळे, वाहते वेगळे. यातला समान धागा असा, की रात्रीच्या दिव्याने शेवाळांचा मेळ बदलतो. गायरानात जनावरांनी तोंड न लावलेले गवत माजावे आणि चांगले गवत मागे पडावे, तसाच प्रकार.

हे होते कसे, याचेही उत्तर थोडेफार हाती आले आहे. नील-हरित शैवालांसारख्या एका पेशीच्या जिवालाही दिवस-रात्रीचे घड्याळ असते. हे घड्याळ चालवणारी तीन जनुके ताकाओ कोंदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये शोधून काढली. त्यांना नाव दिले ‘काय’. जपानी भाषेतल्या ‘फेरा’ या अर्थाच्या शब्दावरून. दिवसा अन्न साठवायचे, रात्री ते खर्चायचे, असे हे रहाटगाडगे. काही नील-हरित जाती तर हवेतला नत्र धरण्याचे काम रात्रीच उरकतात, कारण दिवसा त्यांच्याच शरीरात तयार होणारा प्राणवायू त्या कामात मोडता घालतो. ज्याचे काम रात्रीचे, त्याला रात्र मिळालीच पाहिजे.

सगळा दोष दिव्याला देऊ नका

आता सरळ बोलू. तुमचे शेततळे हिरवे झाले असेल तर त्याचे पहिले कारण दिवा नाही. पहिले कारण खत. शेतातून वाहून आलेला नत्र आणि स्फुरद, गोठ्याचे मूत, शेणाचे पाणी, माशांना घातलेले जादा खाद्य, यांवर शेवाळ पोसते. दुसरे कारण साचलेले, उन्हाने तापलेले पाणी. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे झाली, पाटाला आवर्तने सुटू लागली. ते पाणी आपण शेततळ्यात उन्हाळ्यासाठी साठवतो. महिनो न् महिने ते एका जागी उभे राहते, आणि उभ्या पाण्याला शेवाळ हे ठरलेलेच.

दिव्याचा नंबर त्यानंतर लागतो. पण खत आणि ऊन पूर्ण टाळता येत नाही. पाण्यावरचा दिवा मात्र आजच्या आज, एक पैसा न खर्चता फिरवता येतो. म्हणून त्याची गोष्ट सांगायची.

जनावरांचे पाणी जपा

एक गोष्ट मात्र मनावर घ्याच. नील-हरित शैवालांच्या काही जाती विषारी असतात. ऑस्ट्रेलियात एका सरोवराचे हिरवी साय आलेले पाणी पिऊन मेंढ्या, घोडे, कुत्री मेली, असे जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ मध्येच लिहून ठेवले आहे. अशा पाण्याचे विष उकळूनही जात नाही.

ओळखायचे कसे? एक काठी घेऊन सायीत फिरवा. काठीला केसांसारखे तंतू लोंबले, तर ते बहुधा साधे हिरवे शेवाळ. त्रास देईल, पण विषारी नव्हे. काठी रंगात बुडवून काढल्यासारखी माखली, तर ते नील-हरित असण्याचा संभव मोठा. दुसरी परीक्षा म्हणजे काचेच्या बरणीत ते पाणी रात्रभर हलवू न देता ठेवा. सकाळी वरच हिरवे कडे धरले तर सावध व्हा. हात स्वच्छ धुवा आणि त्या तळ्यावर गाई-म्हशी, शेळ्या नेऊ नका, पोरांना पोहू देऊ नका.

अशा वेळी घाईने मोरचूद टाकण्याचा मोह होतो. तो आवरा. मोरचुदाने मासे मरतात. शिवाय शेवाळ एकदम मेले की त्याच्या पेशींतले विष पाण्यात उतरते आणि कुजण्यात पाण्यातला प्राणवायू संपतो.

दिवा ठेवा, पण पाण्यावर नको

काय करता येईल, ते आता थोडक्यात पाहू.

१. दिव्याचे तोंड फिरवा. गोठ्याचे दार, अंगण, संडासाची वाट, मोटरीचा स्टार्टर, जिथे माणूस वावरतो तिथे उजेड हवाच. पाण्याच्या मधोमध पडणाऱ्या उजेडाने बिबट्यापासून कोणाचेही रक्षण होत नाही.

२. दिव्याला टोपी घाला. पत्र्याचा तुकडा वाकवून दिव्याच्या पाण्याकडच्या बाजूला बसवला, तरी काम होते. उजेड खाली वाटेवर पडतो आणि वाटेवर तो उलट जास्त मिळतो. डोळ्यांत घुसणाऱ्या फोकसपेक्षा खाली पडणाऱ्या उजेडात फडाची कड नीट दिसते.

३. फार पांढरा, निळसर दिवा पाण्याजवळ नको. निळा उजेड नितळ पाण्यात खोलवर जातो. पिवळसर एलईडी बाजारात मिळतो, तो घ्या.

४. माणूस आल्यावर लागणारा आणि गेल्यावर विझणारा दिवाही आता मिळतो. गोठ्याला तो चांगला. अवचित उजेड पडल्याने घरातल्यांनाही सूचना मिळते.

५. बिबट्यासाठी दिव्यापेक्षा बंदिस्त गोठ्यावर भरवसा ठेवा. चारही बाजूंनी जाळी, वर छप्पर, दाराला कडी. तिन्हीसांजेला मुलांना एकटे उसाच्या कडेला जाऊ देऊ नका.

६. शेततळ्यात कोणी पडू नये म्हणून दिवा लावला असेल, तर त्याहून कुंपण मोठे. आत उतरता दोर आणि हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवा. प्लास्टिकच्या कागदावरून पोहणाराही वर येऊ शकत नाही.

७. शेवाळासाठी मूळ उपाय करा. गोठ्याचे पाणी तळ्यात येऊ देऊ नका. जमले तर शेडनेट अंथरा. मासे पाळायचे असतील तर चंदेरा आणि गवत्या हे मासे हिरवाईवर जगतात, त्यांचा विचार करा. ठिबकला नुसत्या जाळीच्या फिल्टरवर न राहता वाळूचा फिल्टर बसवा आणि तो उलट्या पाण्याने नियमित धुवा.

घरच्या घरी प्रयोग

शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींसाठी एक काम. दोन सारख्या काचेच्या बरण्या घ्या. दोन्हींत एकाच तळ्याचे पाणी आणि एकेक विटेचा तुकडा टाका. दिवसा दोन्ही शेजारी-शेजारी सावलीच्या उजेडात ठेवा. रात्री एक दिव्याखाली, दुसरी पेटीत झाकून. तीन आठवडे रोज वहीत लिहा: पाण्याचा रंग, विटेवरचा थर, पाण्यात हलणारे ठिपके. निकाल कोणताही लागो, वही नीट लिहिली तर ते शास्त्रच. आणि घरच्या कर्त्या माणसाने, दिवा फिरवण्याआधी एक महिना आणि नंतर एक महिना, फिल्टर किती वेळा धुवावा लागला त्याची नोंद ठेवावी. आवर्तन, ऊन आणि खत यांचाही फरक पडतो, म्हणून तेही लिहावे.

हे काम एकट्याचे नाही. ग्रामपंचायतीने ओढ्याकाठी, तळ्याकाठी खांब उभा करताना दिव्याचे तोंड कुठे आहे एवढे विचारले, तरी पुष्कळ झाले. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी जंगलालगतच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड करणारे बसवले गेले. गाव अंधारात गेले नाही, उजेड फक्त जागच्या जागी राहिला.

आपल्या भागाला तर असल्या संयमाची ओळख आहे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची दुर्बीण आकाशाचा आवाज ऐकत बसली आहे. तिला ऐकू यावे म्हणून आसपासच्या रेडिओ लहरींवर बंधने आहेत. दूरच्या ताऱ्यांसाठी एवढी शांतता राखता येते, तर आपल्याच विहिरीतल्या पाण्यासाठी रात्रीचा अंधार राखणे फारसे अवघड नाही. आज संध्याकाळी दिवा लावाल, तेव्हा एकदा तळ्यावर जाऊन उजेड कुठे पडतो ते पाहा. पाण्यावर पडत असेल, तर शिडी आणा आणि दिव्याचे तोंड घराकडे वळवा.